छातीतली चोरवाट

आमच्या माहेरी दुखणं सांगायची पद्धत नव्हती. आजोबा बडोदा संस्थानच्या नोकरीत होते. संस्थान गेलं, पुढे गुजरात वेगळं राज्य झालं, आजोबाही गेले, पण दांडिया बाजारातल्या आमच्या बिऱ्हाडातून त्यांची शिस्त काही निवृत्त झाली नाही. कोणी "काय, कसं काय?" असं विचारलं की "उत्तम" म्हणायचं. वडिलांना मूतखड्याची कळ आली होती तेव्हा शेजारचे काका समाचाराला आले. वडील घामानं निथळत होते, तरी खुर्चीत ताठ बसून "उत्तम" म्हणाले, काकांना चहा पाजला, दारापर्यंत सोडायला गेले आणि मग आत येऊन कॉटवर आडवे झाले. आम्ही भावंडं याला खानदानी वागणं समजत होतो. आता मला त्या सगळ्याचा राग येतो. तेव्हा मात्र मीही त्यात पुरती मुरलेली होते.

त्यामुळे छातीत ते पहिल्यांदा झालं तेव्हा मी ते कोणाला सांगितलं नाही. शाळेत जायचं वय होतं. नळाखाली बादली लावून उभी होते. एकाएकी छातीत काहीतरी ठेचकाळलं आणि हृदय असं पळत सुटलं की गळ्यात, कानात, पोटात सगळीकडे तेच धडधडू लागलं. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. बादली भरून वाहत होती, आईची हाक येत होती, म्हणून मी दात आवळून, श्वास कोंडून, पोटाला जोर लावून ती उचलली. आणि खट्‌कन सगळं थांबलं. हृदय जसं पळालं होतं तसंच जागेवर आलं. मी बादली आत नेऊन ठेवली आणि अभ्यासाला बसले.

पुढच्या वेळी जवळ बादली नव्हती, तरी तसाच श्वास कोंडून पोटाला जोर दिला, आणि थांबलं. तेव्हापासून हे माझं गुपित झालं. मनातल्या मनात मी त्याला 'बादली उचलणं' म्हणायची. वर्षांमागून वर्षं गेली तशी मी त्यात इतकी तरबेज झाले की चारचौघांत बसून, चेहऱ्यावरची रेघ न हलवता बादली उचलायची. समोरच्याला एवढंच वाटे की बाई उत्तर द्यायला जरा वेळ लावते.

एकदोनदा धीर करून डॉक्टरांकडे गेले, पण तिथे पोचेपर्यंत सगळं शांत झालेलं असे. छातीवर तारा लावून कागद काढायचे आणि कागदावर सगळं ठाकठीक. "टेन्शन घेता का?" असं प्रत्येकानं विचारलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मनाचे खेळ असतात गं." हे त्यानं मायेनंच म्हटलं होतं, पण मला ते लागलं. परत मी तो विषय काढला नाही.

नवरा जळगावकडचा. कोयलीच्या रिफायनरीत नोकरीला लागला आणि बडोद्याचा झाला. मी बडोद्याजवळच्या पादरा गावातल्या शाळेत गणित शिकवायची. शिकवायचं गुजरातीत आणि वैतागायचं मराठीत, अशी माझी ख्याती होती. रोज बसनं जाणं-येणं. सासूबाई म्हणायच्या, "एवढ्या लांब कशाला? शहरात काय शाळांचा दुकाळ पडलाय?" पण मला पादराच आवडायचं. बाजारातून चालत शाळेपर्यंत जायचं, वाटेत भाजी हेरून ठेवायची आणि परत येताना घ्यायची. दिवसातला तेवढाच वेळ मी कोणाची काही नसायची.

आणि त्याच बाजारात एक दिवस बादली उचलली गेली नाही. बसस्टॅंडपाशी उभी होते, एका हातात वह्यांची पिशवी, एका हातात भाजी. आलं. नेहमीप्रमाणे जोर लावला, थांबलं नाही. परत लावला. तिसऱ्यांदा लावताना रस्ता डोळ्यांपुढून सरकला. शुद्धीवर आले तेव्हा उसाच्या रसवाल्याच्या बाकावर होते, तोंडावर पाणी मारलेलं, आणि छातीत ते अजून पळतच होतं. लोकांनी समोरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांकडे एक जुनाट मशीन होतं. त्यांनी लगेच कागद काढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते कागदावर आलं. मी तो कागद हातात घेऊन त्या रेघांकडे बघत बसले. खरं सांगते, मला भीती वाटण्याआधी आनंद झाला. म्हणजे मी वेडी नव्हते.

बडोद्याच्या हार्ट स्पेशालिस्टनी तो कागद बघितला आणि पाच मिनिटांत सांगितलं की हृदयात जन्मापासून एक जादा तंतू आहे. हृदयाचे वरचे कप्पे आणि खालचे कप्पे यांच्यात विजेला जायला एकच वाट असते. माझ्यात दुसरी एक चोरवाट होती. वीज नेहमीच्या वाटेनं खाली यायची आणि कधीकधी त्या चोरवाटेनं परत वर जायची, मग पुन्हा खाली, पुन्हा वर, अशी गोल गोल फिरत राहायची. शांत असताना ती वाट कागदावर दिसतच नाही. त्यांनी तात्पुरत्या गोळ्या दिल्या, पण कायमचा उपाय म्हणजे मांडीतून बारीक तारा हृदयापर्यंत न्यायच्या, वाट नेमकी कुठे आहे ते शोधायचं आणि तेवढाच ठिपका जाळून टाकायचा. चिरफाड काही नव्हती, तरी आमच्या घरात सगळे त्याला ऑपरेशनच म्हणत.

घरात मोठी चर्चा झाली. म्हणजे सगळे बोलले आणि मी ऐकलं. रिफायनरीत एक नियम होता की धोक्याच्या जागी माणूस एकटा सोडायचा नाही, बरोबर दुसरा हवाच. नवऱ्यानं तो नियम मला लावला. "तू आता एकटी कुठे जायचं नाहीस," तो म्हणाला. "रस्त्यात पडलीस, समोरून ट्रक आला असता तर?" तो बोलत होता ते खोटं नव्हतं, म्हणून तर मला जास्त चीड आली. पिठाच्या गिरणीत जायचं तरी सासूबाई बरोबर. शेवटी तडजोड अशी ठरली की ती वाट सापडली आणि जाळली गेली तर मी पादऱ्याला जायचं. नाही सापडली तर गोळ्या चालू ठेवायच्या, राजीनामा द्यायचा आणि घरी बसायचं. मी "चालेल" म्हणाले. रात्रंदिवस कोणाच्यातरी नजरेखाली जगायचं या कल्पनेनं माझा जीव आजारापेक्षा जास्त गुदमरत होता, पण म्हणाले मात्र "चालेल".

हे काम करणारे डॉक्टर अहमदाबादहून यायचे. उंच, मिशाळ, अतिशय गोड बोलणारे. आदल्या आठवड्यापासून माझ्या गोळ्या बंद केलेल्या होत्या. सकाळी मला त्या थंडगार खोलीत नेलं, अरुंद टेबलावर निजवलं, हात बाजूला पट्ट्यांनी बांधले. आजूबाजूला शिशाचे जड एप्रन घातलेली माणसं. डोक्याशी एक तरुण नर्स. पायाच्या बाजूला एक काच आणि काचेपलीकडे अंधाऱ्या खोलीत मशीनचे पडदे लुकलुकत होते. मांडीत सुई टोचून जागा बधिर केली, मग तारा आत गेल्या. भूल दिली नव्हती, कारण झोपेत ते येतच नाही कधीकधी.

डॉक्टर वाकून म्हणाले, "बेन, आजे तमारे कशुं करवानुं नथी. बधुं अमे करीशुं." मी काही करायचं नाही, सगळं तेच करणार. मला बरं वाटलं.

त्यांनी मला आधीच समजावलं होतं की वाट शोधायची तर ते आलं पाहिजे, आणि आलेलं टिकलं पाहिजे. एरवी दोन्ही वाटांच्या खुणा एकमेकींत मिसळतात. ते सुरू असतानाच फक्त वीज एकट्या चोरवाटेनं वर जाते, आणि तेव्हा तारेचं टोक झडपेच्या कडेकडेनं फिरवत सगळ्यात आधी वीज कुठे पोचते ते बघायचं. म्हणजे मला अॅटॅक आणायचा, आणि तो चालू ठेवून शोध घ्यायचा. कोणीतरी माझ्या हृदयाला आतून टिचक्या मारत होतं, ते मला कळत होतं. टिच, टिच, टिच, आणि मग आलं. तेच ओळखीचं धावणं.

"आव्युं," डॉक्टर म्हणाले. आणि लगेच थांबलं.

पुन्हा टिचक्या. पुन्हा आलं, पुन्हा थांबलं. त्यांनी सलाइनमधून कसलंसं औषध सोडलं, त्यानं हृदय आपलं आपणच वेगानं चालायला लागलं, हातपाय थरथरले. पुन्हा आणलं. दहाबारा ठोके पडले असतील नसतील, थांबलं. असं किती वेळा झालं कोण जाणे. टेबल पाठीला टोचत होतं. काचेपलीकडून कोणीतरी माइकवर म्हणालं, "सर, एनी मेळे बंध थाय छे." आपोआप बंद पडतंय. डॉक्टरांचा गोडवा कमी होत चालला होता. ते नर्सला म्हणाले की बाहेर बसलेल्या नवऱ्याला आत मशीनच्या खोलीत बोलवा, त्यांना समजावून सांगावं लागेल. आज कदाचित आवरतं घ्यावं लागणार.

वाट सापडली नाही, म्हणजे राजीनामा. शाळा, बस, बाजार, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. आणि तेवढ्यात त्यांनी शेवटचं म्हणून पुन्हा एकदा आणलं, आणि या खेपेला मी स्वतःकडे लक्ष दिलं. माझा श्वास कोंडलेला होता. पोट दगडासारखं घट्ट. चेहरा मात्र अगदी शांत, वर छताकडे बघत, जणू कोणाच्या दिवाणखान्यात बसलेय.

आपोआप कसलं डोंबलाचं! मीच थांबवत होते.

मला अशी लाज वाटली म्हणता! एवढी माणसं सकाळपासून राबतायत आणि मी त्यांच्या तोंडचा घास काढून घेतेय. मी म्हटलं, "साहेब, आ हुं बंध करुं छुं." त्यांनी वर बघितलं. मी सगळं सांगितलं, बादलीसकट. डॉक्टर मास्कच्या आत मनापासून हसले. "तो ना करो ने, बेन!"

सांगायला सोपं होतं. पंचवीस वर्षं डोळ्यांत धूळ जाताना पापणी मिटलीय, आता मिटू नको म्हणतात. त्यांनी आणलं, मी मनाशी म्हटलं, नाही उचलायची, नाही उचलायची, आणि उचलली. दोनदा तसंच. शेवटी मीच म्हटलं, मला बोलतं ठेवा. वर्गात शिकवताना ते आलं की मला गप्प व्हावं लागायचं, फळ्याकडे वळून उभं राहावं लागायचं. बोलता बोलता श्वास कोंडता येत नाही. डॉक्टरांना ते पटलं. "तो बोलो, बेन. बोल्या करो."

काय बोलणार? मास्तरीण मी, एकोणतीसचा पाढा सुरू केला. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. आलं. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी म्हणून क्षणभर थांबले, आणि त्या फटीत थांबवलं. पाढा वाया गेला.

डॉक्टर म्हणाले, "बेन, घरे अटक्या वगर शुं बोलो छो?" घरी न थांबता काय बोलता?

"भांडते," मी म्हटलं. नर्स खुदकन हसली.

"तो झगडो," डॉक्टर म्हणाले. "पण हलवानुं नहीं."

आता खोटं बोलून काय उपयोग, मी घरी कधी भांडले नव्हते. चिडायची, भांडी आपटायची, पण सासरच्या माणसांशी समोरासमोर भांडणं आमच्या माहेरच्या पद्धतीत बसत नव्हतं. टिच, टिच, टिच, आलं, आणि मी डोळे मिटून तोंड उघडलं.

"अहो, तुम्ही म्हणता मनाचे खेळ, तर ऐका, आपल्या लग्नात अंतरपाट धरला होता ना तेव्हा मला आलं होतं, मंगलाष्टकं चालू होती आणि तुम्हाला वाटलं मी लाजून खाली बघतेय, मी लाजत नव्हते, श्वास कोंडून उभी होते, हार पडला तर काय म्हणून, आणि तुमच्या आईंच्या साठीला मी पुरणपोळ्या लाटत होते तेव्हा आलं, सगळे म्हणाले सून कशी हसतमुख आहे, हसतमुख कसली डोंबलाची, माझे हात सुन्न झाले होते, आणि बाळंतपणात आलं, तेव्हा तरी ओरडायची सोय होती पण मी तिथेही ओरडले नाही, आणि तुम्ही मला एकटीला सोडायचं नाही म्हणता, मी एकटीच होते हो, तुमच्या शेजारी झोपून एकटीच होते, आणि पादऱ्याला मी हौसेनं नाही जात, मला तिथे श्वास येतो, त्या पोरांना अपूर्णांक येत नाहीत पण ती मला विचारतात, बेन, समजायुं नहीं, असं तोंडावर सांगतात, मला कधी कोणाला सांगता आलं नाही की मला समजत नाहीये, मला दुखतंय, मला भीती वाटते, मला मरायची भीती वाटते, प्रत्येक वेळी वाटते, आत्ता वाटतेय, आत्ता या टेबलावर मला इतकी भीती वाटतेय की..."

आवाज माझाच होता, पण चढत गेला होता. गालांवरून पाणी वाहून कानांत जात होतं आणि हात बांधलेले असल्यामुळे पुसता येत नव्हतं. नर्स पुसत होती. हृदय पळत होतं, पळू दिलं होतं, आणि त्या पळण्याच्या वर माझं बोलणं चाललं होतं. मध्येच कोणीतरी म्हणालं, "रस्तो मळी गयो." वाट सापडली होती, डाव्या बाजूच्या झडपेच्या कडेला. डॉक्टर म्हणाले, "बोल्या करो, बेन, बोल्या करो." छातीत आत कुठेतरी गरम, बोथट दुखलं. मी आईवर आले होते, वडिलांच्या मूतखड्यावर आले होते, आणि एका शब्दाच्या मध्येच ते थांबलं.

मी गप्प झाले. डॉक्टर माझ्यावर वाकले, हसू आवरत पण काळजीनं म्हणाले, "बेन, आ तमे बंध कर्युं?" हे तुम्ही थांबवलंत का?

मी पोटाकडे लक्ष दिलं. पोट सैल होतं. श्वास चालू होता.

"ना," मी म्हटलं. "में कशुं नथी कर्युं."

मी काहीच केलं नव्हतं. त्यांनी परत टिचक्या मारल्या, औषध चढवलं, पुन्हा पुन्हा मारल्या. आलं नाही. मी वाट बघत होते, ते येईल, आता येईल, पण हृदय आपल्या एकाच वाटेनं निमूट चालत राहिलं. तेव्हा मी मोठ्यानं रडले. टेबलावर, सगळ्यांसमोर, पोट हलवून. डॉक्टरांनी हलू नका म्हटलं नाही.

दुपारी मला वॉर्डात आणलं. मांडीवर वाळूची पिशवी ठेवली होती आणि पाय वाकवायचा नाही अशी ताकीद होती. नवरा शेजारी स्टुलावर बसला. त्याचे डोळे लाल होते. मला वाटलं, वाट बघून दमला असेल.

"मला त्या मशीनच्या खोलीत बोलवलं होतं," तो म्हणाला. "काचेच्या पलीकडे. तिथे आतलं सगळं ऐकू येतं."

मी त्याच्याकडे बघितलं. "किती ऐकलंत?"

"लग्नापासून," तो म्हणाला.

मी छताकडे बघत राहिले. त्यानं माझ्या कपाळावरचे केस मागे सारले, जरा वेळ हात तिथेच ठेवला, मग विचारलं, "दुखतंय का?"

उत्तर तोंडात तयार होतं. "नाही, काही नाही," असं मी म्हणालेसुद्धा.

तो उठला नाही. त्यानं स्टूल आणखी जवळ ओढलं आणि पुन्हा विचारलं, "दुखतंय का गं?"

इतक्या वर्षांत कोणी मला दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "खूप दुखतंय."

"कुठे?" त्यानं विचारलं, आणि मी सांगायला लागले.